मेंदूज्वराचे संशोधन बर्फाच्या डब्यापासून सुरू होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषाणूजन्य आजारांचा मेंदूवर काय परिणाम होतो यावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची बातमी आपल्या अंकात वाचली. असे विषय घेणारी मुले आपल्याकडे आहेत, याचा आनंद आहे. पण बातमीत ‘विषाणू मेंदू पोखरतो’ असे शब्द होते. विषाणू म्हणजे वाळवी नव्हे. तो मेंदूपर्यंत पोचला का, पोचला तर कोणत्या पेशीत शिरला, आणि नुकसान त्याने केले की त्याला हाकलायला धावलेल्या आपल्याच यंत्रणेने, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. विद्यार्थ्याने यातला एकच निवडायचा असतो. तिन्ही एकत्र घेतले की प्रबंध जाड होतो, पण हाती काही लागत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या विषयासाठी लांब जायला नको. 1965 साली नागपुरात डेंगी आणि चिकुनगुन्याची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू वेगळा केला. रुग्ण ज्या भागातले होते त्याचे नाव त्याला मिळाले: चांदिपुरा. तो रेबीजच्या कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. जेमतेम अकरा हजार अक्षरांचा आरएनए, म्हणजे जनुकीय साखळी, आणि पाच प्रथिने एवढाच त्याचा संसार. बरीच वर्षे तो निरुपद्रवी समजला गेला. 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुले आजारी पडली, त्यांतली 183 दगावली, तेव्हा त्याच्याकडे नीट लक्ष गेले. त्याच हंगामात महाराष्ट्रातही रुग्ण होते. 2007 मध्ये नागपूर विभागात तो पुन्हा दिसला. 2024 च्या जून ते मध्य ऑगस्ट या काळात देशात तीव्र मेंदूज्वराच्या 245 रुग्णांची नोंद झाली, त्यांत 82 मृत्यू. त्या 245 पैकी 64 जणांत चांदिपुरा पक्का ठरला. बहुतेक रुग्ण गुजरातचे होते.

या आकड्यांत अभ्यासकाने थांबावे अशी जागा 64 आणि 245 यांच्या मधली आहे. उरलेल्या 181 रुग्णांचे काय? त्यांना चांदिपुरा नव्हताच, की होता आणि नमुना उशिरा किंवा उन्हातून आला? प्रयोगशाळेचा कागद ‘निगेटिव्ह’ एवढेच सांगतो. तो शब्द रोगाबद्दल आहे की नमुन्याच्या नळीबद्दल, हे कागदावरून कळत नाही.

म्हणून आधी नळीबद्दल.

पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासणीसाठी काढायचे म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘पाठीतून पाणी काढले की पोरगं लुळं पडतं’ ही समजूत अजून पक्की आहे. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. तिथे असतात फक्त पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे. प्रौढाच्या मेंदूभोवती आणि पाठीत मिळून हे पाणी सुमारे 150 मिली असते आणि दिवसाला सुमारे 500 मिली नवे तयार होते. त्यातले दोन मिली काढल्याने काही सुकत नाही. संमती मागणाऱ्या विद्यार्थ्याने हे सोप्या भाषेत सांगावे. फॉर्मवर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. मात्र मेंदूतला दाब वाढल्याची लक्षणे असतील, बाहुल्या असमान असतील, एका बाजूची शक्ती गेली असेल, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा प्लेटलेट फार घसरल्या असतील तर सुई घालायची नाही. डेंगीच्या हंगामात प्लेटलेटचा आकडा न बघता हात लावू नये. तिथे संशोधन थांबते आणि आधी उपचार होतात.

सुईतून थेंब पडू लागले की मोजावेत. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली. पहिल्या नळीत साखर आणि प्रथिनांसाठी, दुसरीत जिवाणू तपासणीसाठी, तिसरीत पेशी मोजण्यासाठी, आणि विषाणूसाठी निदान एक मिली निर्जंतुक, फिरवून लावायच्या झाकणाच्या लहान बाटलीत. कापसाचे बूच चालत नाही. नळी आडवी झाली की पाणी कापसात जाते आणि वाटेवरच्या खड्ड्यांत नळी आडवी होतेच. पेशींची मोजणी तासाभरात व्हायला हवी, कारण खोलीच्या तापमानाला पांढऱ्या पेशींतला जिवाणूच्या लागणीत वाढणारा प्रकार, न्यूट्रोफिल, तासाभरात तिसऱ्या हिश्श्याने फुटतो आणि दोन तासांत निम्म्यावर येतो. मोजणारा चहाला गेला तर जिवाणूचा मेंदुज्वर कागदावर विषाणूचा होऊ शकतो. पहिल्या नळीत रक्त मिसळले आणि पुढे पाणी स्वच्छ होत गेले, तर ते सुईचे रक्त. शेवटच्या नळीतही तेवढेच लाल असेल तर रक्तस्राव मेंदूभोवतीच झाला आहे का, याचा विचार करावा. रक्तातले हिमोग्लोबिन विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर चाचणीची क्रियाच अडवते, म्हणून लालसर नमुन्याच्या ‘निगेटिव्ह’वर भरवसा ठेवू नये.

त्याच वेळी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघणे हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरले जाणारे काम आहे. पाठीतल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण साठ टक्के असते. जोडीचा आकडा नसेल तर नुसत्या 40 या आकड्याचा अर्थ लागत नाही. सलाइनमधून डेक्स्ट्रोज चढवल्यावर बघितलेली साखर ही सलाइनची साखर असते, मुलाची नव्हे. संशोधनाच्या फॉर्मवर ‘डेक्स्ट्रोज सुरू केल्याची वेळ’ हा रकाना अवश्य हवा.

मग बर्फाचा डबा. विषाणूसाठीचा नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचणार असेल तर 2 ते 8 अंशांवर ठेवायचा, त्याहून उशीर होणार असेल तर थेट उणे 70 अंशांवर. साध्या फ्रीजच्या बर्फकप्प्यात किंवा उणे 20 ला ठेवणे हा सोयीचा मार्ग दिसतो, पण आरएनए तिथे हळूहळू तुटत जातो. शिवाय वीज गेली की वितळणे आणि पुन्हा गोठणे हा खेळ सुरू होतो. प्रत्येक वेळी नमुना थोडा मरतो. जिवाणूंच्या कल्चरसाठीची, म्हणजे जिवाणू वाढवून बघण्यासाठीची, नळी तर फ्रीजमध्ये ठेवायचीच नाही. एकाच रुग्णाच्या दोन नळ्या, दोघींचे नियम उलटे. रात्रपाळीच्या माणसाला हे तोंडी सांगून भागत नाही, डब्याच्या झाकणावर चिकटवावे लागते.

तालुक्याच्या ठिकाणी खास डबा नसतो, पण लसीकरणाचा व्हॅक्सिन कॅरिअर असतो, आणि तो वापरायची सवय आपल्या परिचारिकांना आणि आशाताईंना कोणत्याही संशोधकापेक्षा जास्त आहे. चूक होते ती आइसपॅकमध्ये. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच लावला तर बाजूची बाटली गोठते. पॅक बाहेर ठेवायचा, वर दव धरले की कानाशी हलवायचा. आत पाण्याची खळखळ ऐकू आली की तो वापरायला तयार. बाटलीवरचे नाव बॉलपेनने लिहिले तर ओल लागून पुसते आणि साधे स्टिकर उणे 70 ला सुकलेल्या पानासारखे गळून पडते. गोठणीत टिकणारे लेबल नसेल तर मार्करने थेट बाटलीवर लिहून वरून पारदर्शक पट्टी गुंडाळावी. लेबलवर नाव, तारीख आणि नमुना घेतल्याची वेळ तर हवीच, पण त्याहून मोलाचा एक आकडा असतो: तापाचा कितवा दिवस.

या दिवसावर सगळे अवलंबून आहे. चांदिपुरात मूल सकाळी तापते, दुपारी उलट्या, संध्याकाळी आकडी, रात्री बेशुद्ध. अनेक मुले 24 ते 48 तासांत जातात. विषाणूविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे लागणीनंतर शरीर सुरुवातीला तयार करते ती संरक्षक प्रथिने, दिसायला साधारण चौथा दिवस उजाडतो. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रक्तात आयजीएम शोधणे म्हणजे गाडी यायच्या आधी फलाटावर उतरलेले प्रवासी मोजणे. तिथे आरटी-पीसीआरच हवी. उलट जपानी मेंदूज्वरात मूल दवाखान्यात येईपर्यंत विषाणू रक्तातून आणि बहुधा पाठीतल्या पाण्यातूनही नाहीसा झालेला असतो. तिथे पीसीआर निगेटिव्ह येते आणि पाण्यातली आयजीएम खरे सांगते, तीही पहिल्या चार-पाच दिवसांत नसेल तर आठवड्याच्या शेवटी पुन्हा बघावी लागते. ओठाच्या कडेला पुरळ उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स मेंदूत गेला तर त्याची पीसीआर पहिल्या तीन दिवसांत फसवू शकते. म्हणून संशय पक्का असेल तर अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध थांबवत नाहीत, नमुना काही दिवसांनी पुन्हा घेतात. तीन विषाणूंसाठी तीन वेगळी घड्याळे. ‘सर्व रुग्णांची दाखल होताच एकदा तपासणी केली’ हे वाक्य ज्या प्रबंधात असते, त्यातल्या टक्केवारीवरचा भरवसा त्या वाक्यातच संपतो.

रक्तातली आयजीएम आणि पाठीतल्या पाण्यातली आयजीएम एक मानायची चूकही सर्रास होते. आयजीएमचा रेणू मोठा, तो रक्तातून मेंदूकडे सहज झिरपत नाही. पाण्यात तो मिळाला, आणि नमुन्यात रक्त मिसळलेले नसेल, तरच तो तिथेच तयार झाला असे म्हणता येते. रक्तात मिळाला तर त्याचा अर्थ नुकतीच लागण किंवा नुकतीच लस. जपानी मेंदूज्वर आणि डेंगी हे विषाणू चुलतभाऊ आहेत, एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत हजेरी लावतात. पावसाळ्यात डेंगीने भरलेल्या जिल्ह्यात फक्त रक्तावर निदान ठरवणे धाडसाचे आहे.

आणि मुळात तो विषाणूच आहे का? तीव्र मेंदूज्वराची सरकारी व्याख्या मुद्दाम सैल आहे: ताप, आणि भान बिघडणे किंवा नव्याने आकडी येणे, तापातली साधी आकडी वगळून. ती जाळे आहे, निदान नव्हे. बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये वर्षानुवर्षे मे-जूनमध्ये मुले पहाटे आकडी येऊन दगावत. लोक त्याला चमकी ताप म्हणत आणि विषाणूचा शोध चालू होता. 2014 मध्ये दाखल झालेल्या 390 मुलांपैकी 122 गेली. तपासात दिसले की साखर घसरलेली होती. रात्री न जेवता झोपणे आणि लिचीतली हायपोग्लायसिन व एमसीपीजी ही द्रव्ये यांची ती करामत होती. गोरखपूर भागात जपानी मेंदूज्वराची लस आल्यानंतरही पावसाळी मेंदूज्वर उरला, त्यातला मोठा वाटा निघाला स्क्रब टायफसचा. हा जिवाणू आहे, गवतातल्या बारीक किड्याच्या डिंभकातून येतो, आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनने बरा होतो. 2018 मध्ये नागपूर परिसरातही तो दिसला. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली त्या किड्याच्या चाव्याची काळी खपली आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही, फक्त मुलाचे कपडे काढावे लागतात. विषाणू शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या फॉर्मवर ‘खपली पाहिली: हो/नाही’ आणि ‘दाखल होतानाची साखर’ हे दोन रकाने पहिल्याच पानावर घ्यावेत.

आता विषाणू मेंदूत खरोखर गेला, तर काय होते? सरसकट उत्तर नाही. हर्पिसची आवड कानशिलामागच्या भागाची, म्हणून रुग्ण विचित्र बोलू-वागू लागतो, वास येत नसताना वास सांगतो, आठवण जाते. जपानी मेंदूज्वर मेंदूतल्या खोलवरच्या थॅलॅमस या भागाला धरतो. वाचलेल्या मुलाचा चेहरा मुखवट्यासारखा होतो, हात पिळवटतात, लाळ गळते, आणि वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्क्यांना असे काहीतरी कायमचे राहते. चांदिपुरावर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने उंदरांच्या पिलांवर केलेले, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले काम आहे. त्यात चेतापेशी स्वतःच्या मरणाची कळ दाबताना दिसल्या. पण माणसात चांदिपुराच्या अनेक मुलांच्या पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्याच नसतात. त्यामुळे 2003 नंतर काही मेंदूतज्ज्ञांनी हा मेंदूचा दाह आहे की मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आघात, असा वाद घातला. त्या वादाची धार अजून पूर्ण बोथट झालेली नाही. विद्यार्थ्याला विषयच हवा असेल तर हा घ्यावा.

कोविडमध्ये तिसराच प्रकार. वास जाण्याचे कारण चेतापेशी मेल्या हे नव्हते. विषाणू शिरला तो नाकातल्या त्यांना आधार देणाऱ्या पेशींत. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त श्वसनमार्गात सौम्य लागण करून दाखवले की मेंदूत विषाणू न जाताही तिथल्या मायक्रोग्लिया खवळतात आणि चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी कमी होतात. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले पहारेकरी. चोर अंगणात आला आणि पहारेकऱ्याने माजघरात काठी फिरवली, अशी ही गत. अशा वेळी ‘मेंदूत विषाणू सापडला नाही, म्हणून परिणाम नाही’ हे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘परिणाम दिसला, म्हणून मेंदूत विषाणू आहे’ हेही.

उंदरांचा आणखी एक धडा. मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक मायक्रोग्लियांना शांत करते. जपानी मेंदूज्वर दिलेले उंदीर त्याने वाचले, हे मानेसरनेच दाखवले. मग लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात दोनशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. निकाल 2016 मध्ये आला: मृत्यू काहीसे कमी दिसले, पण योगायोग नव्हे असे ठामपणे म्हणण्याइतका फरक नव्हता. उंदराला लागण कोणत्या मिनिटाला दिली हे संशोधकाला ठाऊक असते आणि औषध वेळेवर जाते. माणूस तिसऱ्या दिवशी, दोन दवाखाने फिरून, बेशुद्धावस्थेत येतो. विद्यार्थी उंदरावर काम करणार असेल तर वय विसरू नये: चांदिपुराने उंदराची पिले मरतात, प्रौढ उंदीर विषाणू थेट मेंदूत टोचल्याशिवाय सहसा मरत नाही. पिले आणि प्रौढ एकाच आलेखात ठेवणारे प्रबंध आजही दिसतात.

वैद्यकीय विद्यार्थ्याला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अल्पकालीन शिष्यवृत्तीत हाताशी दोन महिने असतात. दोन महिन्यांत नवे औषध सापडत नाही. पण एका रुग्णालयाचे मागच्या पाच वर्षांचे मेंदूज्वराचे केसपेपर काढून ताप सुरू झाल्यापासून पाठीतले पाणी काढेपर्यंत किती तास गेले, साखर किती जणांची बघितली, नमुना किती तासांनी प्रयोगशाळेत पोचला आणि कोणत्या दिवसाच्या नमुन्यात काय सापडले, एवढे चार तक्ते निघू शकतात. चमकदार नाहीत, पण त्यांतून त्या रुग्णालयाची पुढच्या पावसाळ्यातली चूक पकडता येते. नीतिमत्ता समितीची परवानगी यालाही लागते, आणि समितीची बैठक अनेकदा महिन्यातून एकदाच असते हे आधी लक्षात घ्यावे, नाहीतर दोन महिने परवानगीतच जातात.

ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षे आहेत ते पाठीतल्या पाण्यातली दाहद्रव्ये, म्हणजे इंटरल्यूकिन वगैरे, मोजायला घेतात. इथे पहिली अडचण तुलनेच्या गटाची. निरोगी मुलाच्या पाठीत सुई घालता येत नाही, घालूही नये. मग तापातल्या साध्या आकडीसाठी पाणी काढलेले आणि पुढे काही न निघालेले मूल हा त्यातल्या त्यात बरा पर्याय, तोही उरलेला नमुना वापरायची वेगळी संमती घेऊन. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत भूल देताना घेतलेले साठीच्या माणसाचे पाणी चार वर्षांच्या मुलाशी ताडून बघणे व्यर्थ. दुसरे, गोठवण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, पेशी खाली बसवाव्या लागतात. नाहीतर त्या गोठताना फुटतात आणि त्यांच्यातले द्रव्य पाण्यात मिसळून आकडा फुगतो. एक मिली पाणी एकाच बाटलीत ठेवू नये. दोनशे मायक्रोलिटरच्या पाच बाटल्या कराव्यात, म्हणजे प्रत्येक चाचणीला एकच वितळेल. तिसरे, वीस द्रव्ये मोजली तर काहीही फरक नसताना निव्वळ योगायोगाने एखादे ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता मोठी असते. कोणती दोन बघणार हे आधी कागदावर लिहून मार्गदर्शकाची सही घ्यावी.

दीर्घ परिणाम मोजण्याचे काम वेगळेच. युनायटेड किंग्डममधल्या बायोबँकेचा, म्हणजे लोकांच्या आरोग्याच्या नोंदी आणि नमुने जपणाऱ्या संग्रहाचा, 2022 चा अभ्यास वजनदार ठरला, कारण 785 जणांचे मेंदूचे स्कॅन कोविडच्या आधीचेही होते. त्यांतल्या 401 जणांना मधल्या काळात लागण झाली आणि न झालेल्यांशी तुलना करता काही भागांत 0.2 ते 2 टक्के जास्त घट दिसली. आधीचे चित्र नसते तर मूळचाच लहान मेंदू आणि घटलेला मेंदू यांतला फरक कसा ओळखणार? आपल्याकडे आजारापूर्वीचे स्कॅन कोणाचेच नसतात. पण शाळकरी मुलाच्या बाबतीत आधीची नोंद असते, ती शाळेत असते: हजेरी, घटक चाचण्यांचे गुण, वर्गशिक्षिकेची आठवण. संशोधक दवाखान्याच्या फाइलीत ‘प्रकृती सुधारल्याने घरी सोडले’ वाचून थांबतो, शाळेत जात नाही.

स्मृती तपासण्याच्या चाचण्यांत भाषा आडवी येते. वाक्य लिहा, पंचकोन काढा, शंभरातून सात-सात वजा करा, हे प्रश्न तिसरीत शाळा सुटलेल्या आजीला विचारून तिचे गुण कमी आले तर विषाणूला दोष देता येत नाही. आयसीएमआरने भारतीय भाषांत आकलनक्षमतेच्या चाचण्यांचा संच तयार केला, पण पहिल्या पाच भाषांत (हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम) मराठी नव्हती. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मराठीतून, आणि वऱ्हाडी, झाडीबोली बोलणाऱ्यांत तपासून, अशा चाचण्यांची सामान्य मर्यादा ठरवली तर ते काम कोणत्याही विषाणूच्या अभ्यासाला पुरेल. त्यात प्रयोगशाळेचा खर्च शून्य आहे.

पाठपुरावा कोणत्या महिन्यात येतो हेही बघावे. चांदिपुराचा हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे सहा महिन्यांची तपासणी येते डिसेंबर ते फेब्रुवारीत. त्या वेळी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली असतात. कागदावर ते ‘संपर्क तुटलेले रुग्ण’ होतात आणि निकाल आपोआप गावातच राहून घर चालवू शकणाऱ्या कुटुंबांच्या मुलांकडे झुकतो. तपासणी दसऱ्याआधी एकदा आणि गुढीपाडव्यानंतर एकदा ठेवली तर निम्मी अडचण मिटेल. सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळले, तिथे घड्याळ आणखी वेगळे: ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे माणूस बरा असतो आणि मग काहींना पुन्हा ताप येऊन डोकेदुखी, मान आखडणे, कंप सुरू होतो. पहिल्या तापानंतर फाइल बंद केली तर मेंदूचा सगळा भाग निसटतो.

चांदिपुरा पसरवणाऱ्या वाळूमाशीबद्दलही थोडे, कारण चांदिपुराच्या बातमीसोबत हमखास डासाचे चित्र छापले जाते. वाळूमाशी दोन-तीन मिलीमीटरची, डासाच्या जाळीतून आरपार जाणारी, उंच न उडता टुणटुण उड्या मारणारी. तिची अंडी साचलेल्या पाण्यात नसतात. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातला ओला शेणकचरा, दगडी ओट्याच्या फटी इथे असतात. डबकी बुजवून, धूर सोडून तिचे फारसे बिघडत नाही. भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर नेणे आणि भिंतीवर आतून, जमिनीलगत, औषध फवारणे हे तिचे उपाय. फवारणीनंतर आठवड्याभरात दिवाळीची सारवण झाली की औषध शेणामातीखाली जाते, म्हणून फवारणी कधी करायची हे गावाला विचारून ठरवावे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या पावसाळ्यात ‘गूढ तापाने बालकाचा मृत्यू’ अशी बातमी आली, तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे: पाठीतले पाणी तापाच्या कितव्या दिवशी घेतले, दाखल होताना साखर किती होती, आणि नमुना पुण्याला कोणत्या तापमानाला व किती तासांत पोचला. उत्तरे मिळाली तर छापावीत, न मिळाली तर तेही छापावे. आणि त्या विद्यार्थिनीला आमचा निरोप: मे महिन्यातच तालुक्याच्या रुग्णालयांत जाऊन तिथला व्हॅक्सिन कॅरिअर उघडून बघ. झाकणाचे रबर बहुधा चिरलेले असते, आणि ते बदलून घ्यायला जूनपर्यंतचा वेळ लागतो.

आपले,
मेंदूज्वराच्या नमुन्यांवर काम करणारे एक बालरोगतज्ज्ञ व एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ,
नागपूर